सर्व ऋतूंचा स्वस्त टायर : किंमत कमी, खर्च किती?

वाहनखरेदीचा निर्णय आपल्याकडे सहसा घाईने घेतला जात नाही. घरात चर्चा होते, चार ठिकाणी चौकशी केली जाते, कर्जाचा व्याजदर आणि मासिक हप्ता यांचा हिशेब कागदावर मांडला जातो आणि मगच बँकेकडे अर्ज येतो. परंतु तीन-चार वर्षांनी त्याच वाहनाचे टायर बदलण्याची वेळ येते, तेव्हा हा चोखंदळपणा कोठल्या कोठे जातो. दुकानात उभ्या उभ्याच निर्णय होतो आणि बहुतेक वेळा तो एकाच प्रश्नावर होतो : "यापेक्षा स्वस्त काही आहे का?"

प्रश्न गैर नाही. एसयूव्ही किंवा पिकअपसारख्या हलक्या मालवाहू वाहनाचे चार टायर एकदम बदलणे हा लहानसहान खर्च नव्हे. काटकसर हा तर गुणच आहे. मात्र बिलावर छापलेली किंमत आणि टायरचा खरा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुकानातच कळते. दुसरी पुढील हजारो किलोमीटरच्या प्रवासात हप्त्याहप्त्याने वसूल होते आणि दुर्दैवाने कधीकधी एकाच क्षणी. 'सर्व ऋतूंत चालणारा' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त टायरमध्ये कोणत्या उणिवा राहू शकतात, त्या का राहतात आणि ग्राहकाने त्या कशा ओळखाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'सर्व ऋतू' म्हणजे नेमके कोणते?

'ऑल सीझन' ही कल्पना मूळची अमेरिकेतील. तेथील उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचतो, म्हणून अनेक कुटुंबांकडे टायरचे दोन संच असत : उन्हाळ्याचा वेगळा आणि बर्फाचा वेगळा. दर सहा महिन्यांची ही अदलाबदल टळावी म्हणून १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने 'टिएम्पो' नावाचा टायर बाजारात आणला. वर्षभर एकच संच पुरेल, असे त्याचे आश्वासन होते. ते लोकप्रिय ठरले आणि पुढे हा प्रकार अमेरिकेत सर्वसामान्य झाला.

तथापि हे आश्वासन एका तडजोडीवर उभे आहे. रबराचे मिश्रण मऊ ठेवले तर थंडीत पकड टिकते, पण उन्हात ते लवकर झिजते. कठीण ठेवले तर उन्हात टिकते, पण तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ताठर होऊ लागते. खोल आणि दाट चिरांची नक्षी बर्फात उपयोगी पडते, परंतु कोरड्या रस्त्यावर तीच नक्षी लवते आणि ब्रेकची धार बोथट करते. सर्व ऋतूंचा टायर या साऱ्यांचा मध्य गाठतो. उत्तम दर्जाच्या टायरमध्ये हा मध्य बराच समाधानकारक असतो. खर्च कमी करण्यासाठी त्या मध्यालाही कात्री लावली, तर मात्र 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी अवस्था होण्याचा संभव असतो.

शिवाय आपले ऋतूही वेगळे आहेत. विदर्भात वा राजस्थानात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो. बर्फ मात्र हिमालयातील राज्यांपुरता. म्हणजे भारतातील बहुसंख्य ग्राहकांच्या दृष्टीने 'सर्व ऋतू' याचा व्यवहारातील अर्थ कडक ऊन आणि मुसळधार पाऊस हाच आहे. टायरवर लिहिलेले 'ऑल सीझन' हे शब्द यांपैकी कशाचीही हमी देत नाहीत. आणखी एक गोंधळ येथेच दूर करावयास हवा : 'ऑल सीझन' म्हणजे 'ऑल टेरेन' नव्हे. पहिला शब्द हवामानासंबंधी आहे, दुसरा चिखल, खडी, माती अशा जमिनीसंबंधी. एसयूव्हीच्या ग्राहकाला दुकानात हे दोन्ही शब्द एकाच दमात ऐकविले जातात.

स्वस्ताई येते कोठून?

टायर म्हणजे केवळ रबर नव्हे. त्यात नैसर्गिक व कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, पोलादी तारांचे पट्टे, कापडी धाग्यांचे थर आणि काही टायरमध्ये पोलादी पट्ट्यांवर ताणून बसविलेला नायलॉनचा थर असतो. यांपैकी प्रत्येक गोष्टीत बचत करता येते.

सिलिकाचे उदाहरण घेऊ. १९९० च्या दशकात मोटारींच्या टायरमध्ये तिचा वापर वाढला, कारण तिच्यामुळे ओल्या रस्त्यावरील पकड सुधारते आणि त्याच वेळी टायर फिरताना वाया जाणारी ऊर्जाही घटते. एरवी हे दोन गुण एकमेकांच्या विरोधात जातात. पण सिलिका रबरात नीट मिसळण्यासाठी विशेष रसायन आणि काटेकोर प्रक्रिया लागते, अर्थातच त्याला पैसे पडतात. स्वस्त टायरमध्ये तिचे प्रमाण कमी ठेवून मिश्रण कठीण करता येते. तसेच नायलॉनचा थर गाळता येतो, बाजूच्या भिंतीचे थर पातळ करता येतात, नक्षीतील बारीक चिरा उथळ ठेवता येतात. चाचण्यांवरील खर्चही कमी करता येतो.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. कमी किंमत म्हणजे कमी दर्जा, असे समीकरण सरसकट मांडता येणार नाही. जाहिरातींवर खर्च न करणारा उत्पादक किंवा मागील पिढीची नक्षी कमी भावात विकणारी नामांकित कंपनी चांगला टायरही स्वस्तात देऊ शकते. म्हणून भावाकडे न पाहता टायरकडे पाहण्याची सवय हवी.

पहिली उणीव : ओल्या रस्त्यावरील पकड

अडीच टनांच्या एसयूव्हीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श साधारण तळहाताएवढा. ब्रेक, स्टिअरिंग, अँटी-लॉक यंत्रणा या सर्वांचे काम शेवटी या चार तळहातांवर अवलंबून असते. अँटी-लॉक यंत्रणा उपलब्ध पकडीचा उत्तम वापर करते. नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वाहनांबद्दलही असाच गैरसमज आढळतो. अशी यंत्रणा वाहन निघण्यास, चढण्यास मदत करते, थांबण्यास नव्हे.

पकडीतील फरक किती महाग पडतो, हे साध्या गणिताने समजते. समजा, ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी दोन सारखी वाहने ओल्या रस्त्यावर एकाच जागी ब्रेक लावतात. चांगल्या टायरचा घर्षणगुणांक ०.७ आणि सुमार टायरचा ०.५५ धरू. पहिले वाहन सुमारे ३६ मीटरवर थांबेल, तर दुसऱ्याला जवळजवळ ४६ मीटर लागतील. केवळ दहा मीटरचा फरक, असे वाटेल. पण पहिले वाहन ज्या जागी पूर्ण थांबले, त्याच जागी दुसरे अजून ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. त्या दहा मीटरांत रस्ता ओलांडणारा कोणी असेल, तर हा फरक आकड्यांचा राहत नाही.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. टायरच्या खोबणी पाणी बाजूला फेकतात. वेग वाढला, खोबणी उथळ झाल्या किंवा हवा कमी असली, तर पाणी बाहेर पडण्यास अवकाश मिळत नाही. टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि काही क्षण स्टिअरिंग निरुपयोगी होते. एसयूव्हीचे रुंद टायर अधिक पाणी कापत जात असल्याने त्यांना चांगल्या खोबणींची गरज अधिक. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदलणे आवश्यक ठरते, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु पाणी फेकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी, तीन मिलिमीटरच्या आसपास, लक्षणीय घटलेली असते. ज्या टायरच्या बारीक चिरा मुळातच उथळ आहेत, त्याची नक्षी वरून ठीक दिसत असतानाही पावसातील पकड गेलेली असू शकते.

दुसरी उणीव : भार आणि उष्णता

टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे म्हणजे त्याचे पारपत्रच होय. उदाहरणार्थ, '२३५/६५ आर १७ १०४ एच'. यातील २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल रचना आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. एवढे आकडे बहुतेक ग्राहक पाहतात. शेवटचे दोन मात्र दुर्लक्षित राहतात आणि खरा प्रश्न तेथेच असतो. १०४ हा भारनिर्देशांक आहे. त्याचा अर्थ योग्य दाबाची हवा असताना हा टायर जास्तीत जास्त ९०० किलो भार पेलू शकतो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा.

याच मापात अधिक भक्कम बांधणीचा टायर १०८ या निर्देशांकाचाही मिळतो. त्याची क्षमता १,००० किलो. वाहनाच्या उत्पादकाने १०८ सांगितला असताना कोणी थोड्या बचतीसाठी १०४ बसविला, तर चार चाकांवर मिळून ४०० किलोंची क्षमता कमी होते. बाहेरून पाहता दोन्ही टायर सारखेच दिसतात. सात माणसे आणि छतावर सामान घेऊन निघालेल्या एसयूव्हीत किंवा मागील धुरेवर मालाचा भार असलेल्या पिकअपमध्ये हा फरक प्रत्येक फेरीत जाणवतो. मालवाहू वाहनासाठी 'एलटी' किंवा 'सी' अशी खूण असलेले, जास्त दाब सोसणारे टायर मुद्दाम बनविलेले असतात. मोटारीच्या जातीचा टायर हलक्या ट्रकला बसवायचा झाल्यास त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरावी, असा अमेरिकेत दंडक आहे. म्हणजे १,००० किलोंचे सुमारे ९०९ किलोच उरतात.

भार आणि उष्णता यांचे नाते घनिष्ठ आहे. चाक फिरताना टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पूर्ववत होतो. या लवण्यातून उष्णता निर्माण होते. भार जास्त, हवा कमी, वेग अधिक आणि रस्ता तापलेला, या चारही गोष्टी एकत्र आल्या तर आतील थरांमधील बंध सैल होऊ लागतात आणि टायर फुटतो वा वरचा पट्टा सुटून येतो. ७०१ किलोमीटर लांबीचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला आहे. तासन्‌तास एकसारख्या वेगाने धावण्याची अशी संधी आपल्या वाहनांना पूर्वी क्वचितच मिळे. शहरातील रोजच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे तक्रार न करणारा टायर अशा महामार्गावर मे महिन्याच्या दुपारी प्रथमच खऱ्या परीक्षेस बसतो. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच असल्याने टायर फुटल्यावर चालकाने एकदम स्टिअरिंग वळविले, तर वाहन उलटण्याचा धोका लहान मोटारीपेक्षा अधिक असतो.

तिसरी उणीव : बाजूची नाजूक भिंत

खड्ड्याच्या कडेवर जोराने आदळल्यावर टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते. आतील धागे तुटले की काही दिवसांत तेथे फुगा दिसू लागतो. असा फुगा दुरुस्त होत नाही. टायर टाकूनच द्यावा लागतो. पातळ थरांच्या स्वस्त टायरमध्ये हा प्रसंग लवकर येतो. पंक्चर काढणारा कारागीर नक्षीतील छिद्र बुजवू शकतो, पण बाजूच्या भिंतीवरील इजा बुजवून वाहन चालविणे धोक्याचे आहे.

या बाबतीत विम्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. आपल्याकडील सर्वसाधारण सर्वसमावेशक मोटार विम्यात केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी वाहनाचेही नुकसान झाले असेल तर टायर बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. टायरसाठी वेगळे जोडसंरक्षण काही विमा कंपन्या देतात. ते घेण्यापूर्वी त्याच्या अटी वाचाव्यात.

चौथी उणीव : बर्फावरील भ्रम

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून मनालीहून लाहौल खोऱ्यात हिवाळ्यातही सहज जाता येऊ लागले. महाराष्ट्रातून स्वतःची एसयूव्ही घेऊन तेथे जाणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. अशा वेळी टायरवरील 'एम + एस' ही खूण मोठा दिलासा देते. एम म्हणजे चिखल, एस म्हणजे बर्फ. परंतु ही खूण मुख्यतः नक्षीच्या आकारावरून दिली जाते. तिच्यासाठी बर्फावरील चाचणी आवश्यक नसते. तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण, अशी जी दुसरी खूण आहे, तिच्यासाठी मात्र ठरलेल्या चाचणीत उतरावे लागते. तीही प्रामुख्याने भुसभुशीत दाबलेल्या बर्फावरील ओढीची चाचणी आहे; काचेसारख्या गोठलेल्या थरावर ब्रेक लावण्याची नव्हे. म्हणून पहाटेच्या सावलीतील गोठलेल्या वळणावर साखळ्या बांधणे किंवा वाहन न काढणे, हेच शहाणपणाचे. स्थानिक पोलीस वाहने अडवितात, ती उगीच नव्हे.

पाचवी उणीव : झीज, आवाज आणि इंधन

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या वाहनाचे आकडे घालावेत.

समजा, एका पिकअपसाठी स्वस्त टायर ६,००० रुपयांना मिळतो आणि ३०,००० किलोमीटर चालतो. चांगला टायर ९,००० रुपयांना मिळतो आणि ५०,००० किलोमीटर चालतो. चार टायरांचा खर्च अनुक्रमे २४,००० आणि ३६,००० रुपये. दुकानात १२,००० रुपये वाचले. पण प्रतिकिलोमीटर खर्च काढला, तर स्वस्त संचाचा ८० पैसे आणि चांगल्या संचाचा ७२ पैसे येतो.

इंधनाचा भाग अजून बाकी आहे. टायर फिरण्यास होणारा रोध मोटारीच्या इंधनाचा साधारण पाचवा हिस्सा खातो. हा रोध दहा टक्क्यांनी वाढला, तर इंधन एक ते दोन टक्क्यांनी जास्त लागते. आपले वाहन लिटरला १२ किलोमीटर धावते आणि इंधन ९० रुपये लिटर आहे, असे धरल्यास प्रतिकिलोमीटर इंधनखर्च साडेसात रुपये होतो. त्याचे दोन टक्के म्हणजे १५ पैसे. म्हणजे स्वस्त संचाचा खरा खर्च ९५ पैशांवर गेला. ५०,००० किलोमीटरमध्ये तो ४७,५०० रुपये होईल आणि चांगल्या संचाचा ३६,००० रुपयेच राहील. दुकानात वाचलेले १२,००० रुपये तर गेलेच, वर ११,५०० रुपये अधिक खर्च झाले.

अर्थात हिशेब प्रत्येकाचा सारखा नसतो. ज्या निवृत्त गृहस्थांची एसयूव्ही वर्षाला जेमतेम ५,००० किलोमीटर धावते, त्यांचे टायर झिजण्याआधी वयाने जुने होतील. सहा वर्षांत ३०,००० किलोमीटर झाले, तर त्यांना स्वस्त संच इंधनासह २८,५०० रुपयांना पडेल आणि चांगला ३६,००० रुपयांना. पैशाच्या दृष्टीने त्यांना स्वस्तच परवडेल. त्यांच्यापुढे प्रश्न उरतो तो फक्त ब्रेकच्या त्या दहा मीटरांचा. त्याची किंमत मात्र ज्याची त्याने ठरवावयाची आहे.

याखेरीज स्वस्त टायर अनेकदा असमान झिजतात, त्यामुळे केबिनमध्ये सतत घरघर ऐकू येते. एखादी स्वस्त नक्षी अल्पावधीत बाजारातून नाहीशी होते आणि एक टायर निकामी झाल्यावर त्याला जोड मिळत नाही. कायम चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनात कमी-अधिक झिजलेले टायर एकत्र बसविल्यास डिफरन्शिअलवर ताण येतो आणि टायरवरील बचत दुरुस्तीच्या बिलात निघून जाते.

अमेरिकेतील दोन प्रकरणे

या विषयात जगाने मोठी किंमत मोजून दोन धडे घेतले आहेत. पहिले प्रकरण २००० सालचे. फोर्ड कंपनीच्या 'एक्सप्लोरर' या एसयूव्हीवरील फायरस्टोन टायरांचा वरचा पट्टा धावत्या वाहनात सुटून येत असल्याचे उघडकीस आले. उष्ण हवामानाच्या राज्यांत हे प्रकार अधिक घडले. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. अमेरिकेत या अपघातांतील मृतांची संख्या अडीचशेहून अधिक होती. टायरमधील दोष, उंच वाहन, हवेचा कमी दाब आणि उष्णता यांच्या संयोगाची तेथे वर्षानुवर्षे चर्चा झाली. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि त्यातूनच पुढे नव्या वाहनांत हवेचा दाब कमी झाल्यास इशारा देणारी यंत्रणा तेथे सक्तीची झाली. हे टायर कोणा अनोळखी कंपनीचे नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. नावाची खात्री वाटली, तरी हवा आणि भार यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

दुसरे प्रकरण २००७ चे आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळचे. न्यू जर्सीतील एका आयातदाराने चीनमधून आणलेले स्वस्त टायर एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनसाठी विकले होते. पोलादी पट्ट्यांच्या मध्ये त्यांना एकमेकांपासून सुटू न देणारी रबराची पातळ पट्टी असावी लागते. काही टायरांत ती नाही किंवा अपुरी आहे, असे त्या आयातदाराने शासनाला कळविले. उत्पादकाने आरोप नाकारला. आरंभी सुमारे साडेचार लाख टायरांचा प्रश्न असल्याचे सांगितले गेले आणि ते परत घेण्याचा खर्च आपल्याला झेपणार नाही, असे आयातदाराचे म्हणणे होते. स्वस्त मालाच्या मागे उभा असलेला विक्रेता वेळप्रसंगी जबाबदारी घेऊ शकेल का, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा, हे या प्रकरणाने शिकविले.

आपल्याकडील नियम

भारतात वाहनांच्या टायर-ट्यूबच्या दर्जासंबंधीचा आदेश २००९ मध्ये निघाला आणि त्यानुसार टायरवर आयएसआय चिन्ह आवश्यक झाले. २०२० च्या जून महिन्यात नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले. २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटारी, हलके ट्रक आणि जड वाहने या तिन्ही वर्गांच्या टायरांसाठी फिरण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या कसोट्या अधिसूचित केल्या. नियमांनी किमान पातळी निश्चित होते. किमान आणि उत्तम यांतील अंतर ओळखण्याचे काम मात्र ग्राहकाचेच आहे.

ग्राहकांनी काय पाहावे?

१. वाहनाच्या दारावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले माप, भारनिर्देशांक आणि वेगचिन्ह लिहून घेऊन मगच दुकानात जावे. निर्देशांक त्याहून कमी असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

२. टायरवरील चार अंकी उत्पादनसंकेत पाहावा. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मोठी सवलत अनेकदा जुन्या साठ्यावर असते.

३. आयएसआय चिन्ह, पक्के बिल आणि हमीपत्र यांवाचून खरेदी करू नये. झिजलेल्या टायरवर पुन्हा नक्षी कोरून विकलेला माल टाळावा.

४. दोनच टायर बदलावयाचे असतील, तर नवे टायर मागे बसवावेत. पुढचे टायर घसरू लागल्यास चालकाला जाणवते. मागचे घसरल्यास वाहन फिरून जाते.

५. हवा टायर थंड असताना, किमान पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी तपासावी. पूर्ण भार असताना लागणारा दाब वेगळा असतो. स्टेपनी विसरू नये.

६. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. उन्हात उभ्या राहणाऱ्या वाहनाचे टायर न धावताही जुने होतात.

आणि पैशाची तरतूद? वरील उदाहरणातील पिकअप वर्षाला २०,००० किलोमीटर धावत असेल, तर चांगला संच अडीच वर्षे पुरेल. म्हणजे ३६,००० रुपये तीस महिन्यांत विभागले, तर दरमहा १,२०० रुपये होतात. वाहनकर्जाच्या हप्त्यासोबतच एवढ्या रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास टायर बदलण्याच्या दिवशी हाताशी पैसा असतो, शिवाय व्याजही मिळते. आमच्या शाखांतील सहकाऱ्यांनीही मालवाहू वाहनाच्या कर्जप्रस्तावात उत्पन्न आणि खर्च मांडताना डिझेल व चालकाच्या पगाराबरोबर टायरचा हा मासिक खर्च कर्जदाराकडून आवर्जून लिहून घ्यावा. पिकअप आठ दिवस जागेवर उभी राहिली तर हप्ता थकतो आणि ती ज्या घरावर चालते त्या घराची चूलही अडते.

स्वस्त टायर निवडला जातो तो बहुधा अज्ञानाने नव्हे, तर त्या दिवशी खिशात पुरेसे पैसे नसल्यामुळे. तरतूद आधीपासून असली, तर दुकानातील पहिला प्रश्न आपोआप बदलतो. 'यापेक्षा स्वस्त काही आहे का?' याऐवजी ग्राहक विचारू लागतो, 'माझ्या वाहनाच्या भाराला आणि माझ्या गावच्या पावसाला यांतील कोणता योग्य?'